ट्रॅक्टरचा खांदा

आमच्या गावात पोळ्याला पहिलं तोरण तोडायचा मान आमच्या घराचा. म्हणजे माझा, शिवाप्पाचा. कुणाचं रान किती, कुणाची माडी किती मजली, कुणाचा जावई कुठं साहेब, याला त्या दिवशी कवडीची किंमत नसते. वेशीतल्या तोरणाखालून आधी माझा बैल जाणार, मग बाकीच्यांचे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मला कुणी विचारत नाही, घरातसुद्धा नाही, हे मी कबूल करतो. पण त्या एका दिवसाच्या जोरावर मी उरलेलं वर्ष काढतो.

आणि यंदा माझ्याकडं बैलच नव्हता.

केवळ मानासाठी सांभाळलेला आमचा म्हातारा ढवळ्या चैत्रात गेला. चांगला जगला, चांगला गेला, त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटलं की आमच्यानंतरचा मान दत्तरावच्या घराचा आहे, आणि ढवळ्या गेल्याचं कळताच दत्तराव बोरीच्या बाजारातून सरळ माझ्या दारात आला. तोंडावर सांत्वन आणि पिशवीत नवीन घुंगरमाळ. ही काय रीत झाली?

मी यंत्रांचा वैरी आहे असं कुणी समजू नये. आमच्या आजोबांच्या लाकडी नांगराला आठ बैल लागायचे. आठ बैल, चार गडी, दिवसभर आरडाओरडा, आणि संध्याकाळी मोजून एवढंसं रान काळं झालेलं. वडिलांनी लोखंडी नांगर आणला तेव्हा लोखंडानं जमीन बाटते म्हणून लोक आठ दिवस आमच्या घरचं पाणी प्याले नाहीत. नवव्या दिवशी तेच लोक नांगर मागायला आले. मग मोट गेली, विहिरीवर इंजिन आलं. ते पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी गावातली सगळी कुत्री बोरीला निघून गेली, आणि त्यातली निम्मी अजून आलेली नाहीत.

मळणीचं यंत्र मी आणलं. त्याआधी खळ्यावर बैल गोल गोल फिरवून ज्वारी मळायला महिना-दीड महिना जायचा. यंत्रानं ते काम तीन दिवसांत संपवलं, आणि चौथ्या दिवशी सगळे गडी पारावर येऊन एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले. त्या साली गावात पत्त्यांचे पाच नवे डाव सुरू झाले. पुढं ट्रॅक्टरही पहिला माझाच. पहिल्या दिवशी ब्रेक कुठं असतो ते ऐन वेळी विसरलो आणि ‘हो हो हो, थांब राजा’ असं ओरडत सरळ कडब्याच्या गंजीत घुसलो. राजा थांबला नाही. गंज थांबली.

आता गावात एकतीस ट्रॅक्टर आहेत आणि बैलजोड्या पाच. पेरायला यंत्र, सोयाबीन काढायला हार्वेस्टर, आणि यंदा गावातल्या परमेश्वरनं कपाशी फवारायला ड्रोन बोलावला. त्या दिवशी कपाशीवर औषध कमी पडलं आणि फोटो जास्त पडले. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण ड्रोनला शिंगं नसतात आणि हार्वेस्टरला कुणी तोरणाखालून नेत नाही, ही माझी अडचण होती.

बैल उसना आणायचं करून बघितलं. पिंगळीच्या पाहुण्याकडं गेलो, मानवतला मेहुण्याकडं गेलो. मेहुण्यानं चहा पाजला आणि म्हणाला, “दाजी, पोळ्याच्या दिवशी बैल उसना मागनं म्हंजी लग्नाच्या दिवशी नवरदेव उसना मागनं झालं.” त्याचं बरोबर होतं. तरी मी चहा अर्धा ठेवून उठलो.

शेवटी मी बन्सीधर गुरवाकडं गेलो. गुरवकाकांचं वय ऐंशीच्या पुढं. तोरणाचे सगळे नियम त्यांच्या डोक्यात, दुसरीकडं कुठं लिहिलेले नाहीत.

“काका, ट्रॅक्टर चालंल का मानाला?”

“चालायला काय, पळंल बी,” काका म्हणाले. “पर खांदेमळन झाली पायजे. अन्‌ तोरनापशी मी तीनदा इचारनार, जनावर औताचं हाय का म्हनून. तू बेल उचलून, शपथेवर खरं सांगायचं. तेवडं झालं की मान तुजा.”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण असते. वर्षभर औत ओढून दुखावलेला बैलाचा खांदा कोमट पाण्यानं शेकायचा, तुपात कालवलेली हळद चोळायची आणि म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ एवढं म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्या जनावराला काम सांगायचं नाही, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, आणि घरात त्याच्याआधी कुणी जेवायचं नाही. दिलेलं आवतण परत घेता येत नाही, हा सगळ्यात मोठा नियम.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. ट्रॅक्टर धुऊन मधोमध उभा. माझा मुलगा शिवप्रकाश वर सीटवर, सून त्रिवेणी कोमट पाण्याचा तांब्या घेऊन, आणि माझी बायको गौराबाई हळदीची वाटी अन् दिव्याचं ताट घेऊन. गुरवकाका साक्षीला खाटेवर. दत्तराव सगळ्यांच्या पुढं, पाहुण्यासारखा.

मी वाटीत बोटं बुडवली आणि तिथंच अडलो. ट्रॅक्टरचा खांदा कुठं?

“आप्पा, हुकाला लावा,” शिवप्रकाश वरून म्हणाला. “औत तिथंच जोडतात.”

“हूक तर मागं हाय,” दत्तराव म्हणाला. “तुमच्यात बैलाला मागून हळद लावत्यात का?”

लोक खिदळले. परमेश्वर म्हणाला पुढची चाकं म्हणजे खांदे. कुणी म्हणालं बॉनेट. कुणी म्हणालं स्टेअरिंग, कारण वळतं ते तिथून. एका शहाण्यानं कंपनीला फोन लावायला सांगितलं. लग्नाच्या याद्यांना झाली नसेल एवढी भांडणं त्या खांद्यावरून झाली.

“नुसते बोलायलाव सगळे,” गौराबाई वैतागली. “जू बसतंय तिथं खांदा आसतोय. सरका, बगू द्या मला.” आणि ती ताट घेऊन वाकली, पुढच्या चाकापाशी दिवा नेऊन शोधायला लागली.

मीही म्हटलं, पुरे झालं आता, जिथं हात पडेल तो खांदा. डोळे मिटले, हळदीचा हात पुढं केला, आणि मोठ्यानं सुरुवात केली, “आज आवतण घ्या...”

त्याच क्षणी शिवप्रकाशचं कोपर हॉर्नवर पडलं. त्यानं गेल्याच महिन्यात नवीन हॉर्न बसवला होता, सात सुरांचा. मी दचकलो, गौराबाई दचकून उठली, माझा हात तिच्या खांद्यावर चप्पदिशी बसला, आणि तोंडानं सुरू झालेलं अर्धवट सोडायचं नसतं म्हणून मी पुढचं म्हणून टाकलं, “...उद्या जेवायला या.”

अंगण सगळं हसलं. मी हसलो नाही. माझा हात तिथंच राहिला होता. पदराखाली तिच्या खांद्यावर घट्टा होता. कडक, सुपारीएवढा. बैलाच्या खांद्यावर असतो तसाच.

तो कशाचा, हे त्या अंगणात आम्हा दोघांनाच माहीत होतं. ट्रॅक्टर नांगरतो, पेरतो, पण पीक वाढल्यावर त्याला ओळींमध्ये शिरता येत नाही. तिथलं तण कापायला कोळपं लागतं, लहानसं औत, जे पूर्वी बैल ओढायचे. त्यासाठी लहान यंत्र आणून बघितलं, ते आमच्या काळ्या रानात रुतून बसलं आणि त्याला काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागला. मग राहिलं कोण? मी मागून कोळप्याची मूठ दाबायचो, आणि पुढून दोरी खांद्यावर घेऊन गौराबाई ओढायची. तिसरं वर्ष चालू होतं. कुणी बघू नये म्हणून आम्ही ओढ्याकडच्या मागच्या रानात उजाडायच्या आत उरकायचो. एकतीसातला पहिला ट्रॅक्टर ज्याचा, त्याची बायको औत ओढते, हे गावाला कळलं असतं तर मी तोंड कुठं लपवलं असतं?

गौराबाईनं खांद्यावरच्या हळदीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “घेतलं,” ती म्हणाली.

“काय घेतलं?”

“आवतन. उद्या येते जेवायला.”

आता हसण्याचा आवाज पार वेशीपर्यंत गेला असेल. मी गुरवकाकांकडं धावलो. काका, चूक झाली, पुन्हा देतो ट्रॅक्टरला. काकांनी मान हलवली. “एका घरातून मानाचं आवतन एकच जातंय. गेलं ते गेलं. आता उद्या तोरनाखालून येतील तर वैनी येतील. न्हाई तर मान दत्तरावचा.”

“अन्‌ तीनदा इचारायचं ते?” दत्तराव म्हणाला. “औताचं हाय का म्हनून? बेल उचलून खोटं बोलशील का आप्पा?” आणि हसत हसत घुंगरमाळ वाजवत घरी गेला.

जेवायला बसलो तेव्हा गौराबाईनं भाकरी वाढली आणि म्हणाली, “मान पायजे आसंल तर खरं बोलावं लागंल. लाज राखायची आसंल तर मान सोडा. मला दोन्ही चालतंय. पर उद्या सकाळपसून मी कामाला हात लावनार न्हाई, ते ठरलं.”

सकाळी ती खाटेवर बसली ती बसली. त्रिवेणीनं तिला न्हाऊ घातलं. शिंगं नाहीत म्हणून नखं रंगवली, बांगड्यांना बेगड चिकटवली, डोक्याला बाशिंग बांधलं. ढवळ्याची आरशांची झूल पेटीतून काढून खांद्यावर टाकली. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून गौराबाई आरशात बघत होती आणि स्वतःशीच हसत होती. लग्नात एवढी हसली नव्हती.

आणि पुरण? पुरण मी आणि शिवप्रकाशनं केलं. डाळ तीनदा उतू गेली. माझी पहिली पोळी तव्यावर टाकताना फाटली, दुसरी टाकल्यावर, आणि तिसरी मी रागानंच फाडली. शिवप्रकाश मोबाइलवर बघून करत होता, त्याचा मोबाइलच पुरणात पडला. त्रिवेणी दारात उभी राहून पोट धरून हसत होती. गौराबाई खाटेवरून ओरडली, “शिवाप्पा, चूल इझली!” माझं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. उलटून बोलायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण त्या दिवशी आवाज चढवता येत नव्हता.

दुपार कलल्यावर डफडं वाजायला लागलं. मिरवणुकीत पुढं गौराबाई, पायात घुंगरू, झुलीच्या आरशांचे कवडसे दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उड्या मारत होते. तिच्या मागं मी. माझ्या मागं दत्तरावची जोडी, लोण्यासारखी पांढरीशुभ्र, शंकरपटाच्या शर्यतीत पळणारी. मग बाकीच्या जोड्या, आणि मग एकतीस ट्रॅक्टर, प्रत्येकाचा हॉर्न वेगळ्या सुरात. गच्च्यांवर बायकांची गर्दी. मला रडावं की नाचावं ते कळत नव्हतं, आणि पाय आपोआप नाचत होते.

तोरणापाशी डफडं थांबलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. गुरवकाकांनी माझ्या हातात बेल ठेवला.

“शिवाप्पा, हे जनावर... म्हंजी ह्या वैनी... औताच्या हायत का?”

लोकांत एकच हशा पिकला. “सांग की आप्पा,” दत्तराव मागून म्हणाला, “घरची लक्ष्मी औताला जुपली म्हन!”

काकांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी गौराबाईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, तोरणाकडं बघत होती. तिला कसलीच घाई नव्हती. मला वाटलं, आपण हिला तीन वर्षं अंधारात नेलं, आणि उजेडात उभं राहायची वेळ आली तर आपल्यालाच भीती वाटते.

काकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“औताची हाय,” मी म्हणालो. आवाज घोगरा निघाला म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणालो. “औताची हाय! तीन वर्सं झाली. कपाशीत कोळपं तीच ओढतीय. दोरी तिच्या खांद्यावर, मी मागं मूठ धरून. तुमाला दिसू नये म्हनून ओढ्याकडच्या रानात. मागं एकतीस ट्रॅक्टर उभे हायत, त्यातला माजा बी हाय, अन्‌ माजी बायको औत ओढतीय. हे घ्या, बेल उचलला.”

एवढ्या गर्दीत झुलीचे आरसे तेवढे किणकिणले. मला वाटलं, आता पहिली चप्पल कुठून येते ते बघायचं.

“तीनच वर्सं?” देवळाच्या पायरीवरून आवाज आला. दत्तरावची बायको बायनाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. “मी पाच वर्सं ओढायलेय! आमच्या बैलाच्या खांद्याला वळ पडू नये म्हन. त्यांना पटात पळायचं आसतंय!”

दत्तराव घुंगरमाळ चाचपायला लागला.

“आमच्यात बी!” परमेश्वरची बायको बबिता गच्चीवरून ओरडली. “डरोन वरून जातोय, खाली मीच आसते!”

मग काय, बांध फुटला. गच्चीवरून, ओट्यावरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बायका ओरडायला लागल्या. कुणी ओढत होती, कुणी दोन्ही हातांनी खुरपत होती, कुणी पाठीवर पंप घेत होती. आणि एक एक गडी आपापल्या ट्रॅक्टरवर सीटमध्ये खाली खाली सरकत चालला. मला इतकं हलकं वाटलं की हसूच आवरेना. सगळं गाव उजाडायच्या आत एकमेकांपासून लपत होतं! आम्ही ओढ्याकडं, दत्तराव टेकडीमागं, परमेश्वर उसाच्या आडून.

गुरवकाकांनी गलका थांबवला. मग म्हणाले, “औताचं जनावर आधी जानार, ह्यो नेम माज्या आज्याच्या बी आधीचा हाय. पर आवतन दिल्याबिगर कसं न्यायचं?” आणि दत्तरावकडं बघितलं. “हळद कुटाय?”

त्रिवेणी वाऱ्यासारखी पळाली आणि तुपात कालवलेल्या हळदीचं पातेलंच घेऊन आली. भर वेशीत, उन्हात, गावातले गडी आपापल्या बायकोपुढं उभे राहिले. कुणाला हसू येत होतं, कुणाच्या बायकोला गुदगुल्या होत होत्या. दत्तरावनं पातेल्यात चार बोटं बुडवली, बायनाबाईच्या खांद्याला हळद लावली आणि खाली मान घालून म्हणाला, “आज आवतन घ्या... आजच जेवायला या.” उद्याची सोय नव्हती, पोळा आजच होता. हे लक्षात आल्यावर ज्यांच्या घरी बायकांनी अजून पुरण घातलं नव्हतं ते गडी ट्रॅक्टर तिथंच सोडून डाळ शिजवायला घराकडं पळत सुटले. त्या ट्रॅक्टरांनी वेस संध्याकाळपर्यंत अडून राहिली.

गौराबाईनं हात वर केला आणि तोरण ओढलं. ते तिच्या बाशिंगावर तुटून पडलं, ती खळखळून हसली आणि आत शिरली. तिच्या मागं बायनाबाई, बबिता, आणि सगळ्या. त्यांच्या मागं बैल. दत्तराव आणि मी शेजारी शेजारी उभे होतो. “मान तुज्या घरात राहिला, आप्पा,” तो म्हणाला. “राहिला,” मी म्हणालो. आम्ही दोघंही आत जायचं विसरून तिथंच उभे राहिलो.

तिसऱ्या दिवशी आम्ही कपाशीत शेवटची कोळपणी घालायला गेलो. सूर्य चांगला वर आल्यावर, आणि ओढ्याकडं नाही, रस्त्याकडच्या रानात. दोरी मी घेतली. मूठ गौराबाईनं धरली. रस्त्यानं जाणारी एसटी हळू झाली, आतून लोकांनी हात केले, मीही केला.

पहिल्या ओळीच्या अर्ध्यावर मला दम लागला. ओळ संपेपर्यंत खांद्यात जाळ पेटला होता. मी वळलो. “गौरे,” म्हणालो, “हे आसलं आसतंय तर तीन वर्सं तू बोलली कामून न्हाईस?”

“बोलायचे की,” ती म्हणाली. “रोज सकाळी म्हनायचे, खांदा लय दुखायलाय.”

“अन्‌ मी काय म्हनायचो?”

“तुमी म्हनायचे, हळद लाव.”

मला आठवलं. चहा पिता पिता म्हणायचो, वर न बघता. तिनं मागून मूठ दाबली आणि दोरी ताणली गेली. मी ती खांद्यावर नीट बसवली आणि पुढची ओळ धरली.